धाकटीसाठी उभारलेली लॅब

धाकटीनं कॉम्प्युटरवर माहिती साठवायचं, म्हणजे स्टोरेजचं, काम शिकायचं, हे त्या घरात जेवता जेवता ठरलं. आणि ठरवलं कुणी, तर ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यानं. थोरलीचा नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला, "अगं, तुझ्या हॉस्पिटलात, तुझ्या खात्यात ती जागा निघालीय ना? हिला बसव की परीक्षेला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा आहे तिचा. आणि शिकवायला तू आहेसच घरात."

दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं काही माणसांना फार छान जमतं. थोरली नुसतं "बघू" म्हणाली. वाढायला उभी असलेली तिची धाकटी जाऊ मात्र जागच्या जागी थबकली. हातातला डाव तसाच अधांतरी राहिला आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही आशा उमटली की थोरलीनं हातातला घास परत ताटात ठेवला. दुसऱ्याचं बरं होताना पाहून जिचं पोट दुखतं अशी बाई आपण नव्हे, असं थोरलीचं स्वतःबद्दलचं ठाम मत होतं. पण या पोरीच्या बऱ्याचं बिल आपल्या नावावर फाटणार, हे तिनं तिथल्या तिथे ओळखलं.

त्याचं असं होतं. धाकटीचा नवरा तीन वर्षांपूर्वी कामासाठी म्हणून परगावी गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण सगळे मूग गिळून होते. धाकटी कुठे जाणार? ती राहिली. त्यातच सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या अंथरुणाला खिळल्या. अंग अडकलं, जीभ मोकळी राहिली. त्यांचं सगळं धाकटीकडे आलं ते आपोआप. या 'आपोआप'खाली घराघरात किती जणी गाडल्या गेल्या असतील, त्याची मोजदाद कुणी करत नाही. अंग पुसायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं, चमच्यानं भरवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावायची, आणि हे सगळं करताना वर शिव्या खायच्या.

धाकटी तापानं आडवी झाली होती तेव्हा काही दिवस हे थोरलीच्या गळ्यात पडलं होतं. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तोंडातला घास तिच्या ऑफिसच्या कपड्यांवर थुंकला. "हात आहेत का फळकुटं?" म्हणाल्या. पुढच्या दिवशी भांडं रिकामं करताना थोरली संडासाच्या दाराशी बसून रडली, आणि ते दुःखानं नव्हे, किळसेनं. त्याच्या पुढच्या दिवशी धाकटीचा ताप उतरल्याचं थोरलीनंच जाहीर केलं आणि तिला अंथरुणातून उठवलं.

आता ही नोकरी लागली तर हॉस्पिटलच्या आवारात कर्मचाऱ्यांना खोली मिळत होती. धाकटीला स्वतःचं दार मिळालं असतं, स्वतःची किल्ली मिळाली असती. आणि थोरलीला मिळाल्या असत्या सासूबाई. डॉक्टर म्हणाले होते, बाकी काही असो, हृदय अगदी ठणठणीत आहे.

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर नवऱ्यासमोर, नातेवाइकांसमोर वाईट दिसलं असतं. थोरलीला वाईट दिसणं परवडत नव्हतं. वाईट असणं चालण्यासारखं होतं.

मग तिनं लॅब उभारली, आणि ती मन लावून उभारली. ऑफिसातून मोडीत निघालेला एक दणकट डेस्कटॉप तिनं घरी आणला आणि जेवणाच्या टेबलाशेजारी, सासूबाईंच्या दारासमोर मांडला. म्हणजे शिकता शिकता धाकटीला आतही लक्ष ठेवता यावं.

थोरलीचं काम म्हणजे हॉस्पिटलची कोठी सांभाळणं. पेशंटचे एक्सरे, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी, सगळं एका थंडगार खोलीतल्या डिस्कांवर असायचं. कुठल्या सर्व्हरला किती जागा द्यायची, काय ठेवायचं, काय पुसायचं, हे ती ठरवायची. अशा खऱ्या स्टोरेजला हात लावून कुणी शिकत नाही. एक कळ चुकली तर एखाद्याचा अख्खा आजार नाहीसा व्हायचा, तोही बरा न होता. म्हणून लॅब. एका कॉम्प्युटरच्या पोटात खोटे कॉम्प्युटर उभे करायचे. एक खोटं स्टोरेज, त्यात खोट्या डिस्का, त्या जागेवर जगणारे दोन खोटे सर्व्हर, आणि सगळ्यांना जोडणारं खोटं नेटवर्क. कुणाला किती मेमरी द्यायची ते ठरवायचं, प्रत्येकाला पत्ता द्यायचा, सगळ्यांची घड्याळं जुळवायची, कारण घड्याळं जुळली नाहीत तर ही यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत. आपण खोटी आहोत हे त्यांना ठाऊकच नसतं. ती खऱ्यासारखीच चालतात, खऱ्यासारखीच रुसतात. चांगली लॅब ओळखायची ती एवढ्यावरच, की चुकलं तर ती चावली पाहिजे.

थोरलीची पहिली लॅब तशीच होती. काम तिच्या रक्तात होतं, वाईट काम तिला करताच यायचं नाही. रविवारी सकाळी तिनं स्टोरेजमध्ये चार कप्पे केले, त्यांना म्हणतात व्हॉल्यूम. नावं हॉस्पिटलातल्यासारखीच दिली, 'एक्सरे', 'रक्त', 'औषधं' आणि 'जुने रिपोर्ट'. मग धाकटीला हाक मारली. धाकटी ओले हात पदराला पुसत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

"हे 'जुने रिपोर्ट' पुसून दाखव," थोरली म्हणाली.

धाकटीनं आज्ञा लिहिली. यंत्रानं नकार दिला. या व्हॉल्यूमवर दुसरा सर्व्हर अजून काम करतोय, असं म्हणालं, आणि खाली विचारलं: तरीही पुसायचं? नवशिके इथे हटकून फसतात. थोरलीच्या खात्यातली भलीभली पोरं इथे 'हो' म्हणून मोकळी झाली होती आणि नंतर कपाळाला हात लावून बसली होती.

धाकटीनं हात मागे घेतला. "म्हणजे आधी त्या सर्व्हरला विचारायचं ना, की बाबा तुझं काम झालंय का? तो नाही म्हणाला तर आपण कोण पुसणार?"

थोरली पडदा सोडून तिच्याकडे बघायला लागली. ही पोर पास होणार होती. नुसती पास नाही, पहिली येणार होती.

त्याच दुपारी, धाकटी सासूबाईंना भरवत असताना, थोरलीनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि लॅबच्या मागे लपवून ठेवला. काम त्याचं साधं. स्टोरेजचा जसाच्या तसा ठसा आधीच घेऊन ठेवायचा, आणि धाकटीनं काहीही पुसलं, मोडलं, बिघडवलं, की थोड्या वेळानं त्या ठशावरून सगळं गुपचूप पूर्ववत करायचं. फाइलला तिनं नाव दिलं 'मदत'.

"तू थांबतेस फार," संध्याकाळी ती धाकटीला म्हणाली. "परीक्षेत वेळ बघतात. यंत्र कुरकुर करतं, त्याची सवयच असते. 'तरीही?' विचारलं की 'हो' म्हणायचं आणि पुढे जायचं."

"आणि जे पुसलं ते?"

"बघ तर खरं."

धाकटीनं 'हो' म्हटलं. 'जुने रिपोर्ट' गेले. दोघी बघत बसल्या. जरा वेळानं यादी पुन्हा उघडली, तर 'जुने रिपोर्ट' आपल्या जागेवर हजर.

"अय्या, परत आलं!" धाकटी म्हणाली आणि हसली. खळखळून हसली. त्या घरात तिचं हसणं कुणी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे आतून सासूबाई ओरडल्या, "कोण आलंय गं?"

मग धाकटीला नादच लागला. सासूबाई दुपारी डोळा मिटतात न मिटतात तोच ती डेस्कटॉपसमोर बसायची. व्हॉल्यूम बनव, मोठं कर, लहान कर, या सर्व्हरकडून काढ, त्याला दे. चुकायची, बेधडक चुकायची, आणि चुकलेलं सगळं पुन्हा जागच्या जागी यायचं. आयुष्यभर जिला दूध उतू गेलं तरी बोलणी खावी लागली होती, तिला ही केवढी चैन! यंत्र 'तरीही?' म्हणायचं आणि तिचं बोट विचार न करता 'हो'वर जायचं. पहिल्या दिवशी मागे घेतलेला तो शहाणा हात थोरलीनं हळूहळू, रोज थोडा थोडा, मारून टाकला. ओरडून नव्हे हं, शाबासकी देऊन.

"सख्खी बहीण करणार नाही इतकं करतेय ही," नवरा आल्यागेल्याला सांगायचा. थोरली नजर खाली घालायची. ती लाजतेय असंच सगळ्यांना वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी थोरली कपाटासमोर उभी राहून धाकटीला उद्या घालायला आपले कपडे काढून देत होती. इतकी चांगली जाऊ शोधून सापडायची नाही. धाकटी वाचनालयातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक छातीशी धरून दारात आली.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"यात लिहिलंय, की सर्व्हर वापरत असताना व्हॉल्यूम पुसलं तर ते कायमचं जातं. आधी वेगळी प्रत ठेवली नसेल तर परत मिळत नाही म्हणे. आपल्या लॅबमध्ये तर सगळंच परत येतं. मग खऱ्या मशिनवर नक्की काय होतं?"

थोरली हातातल्या कपड्याची घडी घालत राहिली. एका वाक्याचं काम होतं. पुस्तकात आहे तेच खरं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. धाकटी हुशार होती, एका रात्रीत तिनं सगळं सरळ करून घेतलं असतं. आणि थोरलीच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "कुणी आहे का, का मेलं सगळं घर? ओलं झालंय सगळं! किती वेळ लोळू मी यात?"

थोरलीनं घडी पूर्ण केली.

"पुस्तक जुनं असेल गं," ती म्हणाली. "नवी मशिनं सगळं परत आणतात. तुझा पुस्तकावर विश्वास आहे का माझ्यावर?"

"असं काय म्हणता, ताई! तुमच्यावर," धाकटी म्हणाली, आणि पुस्तक पलंगावर टाकून आत धावली.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. थोरलीनं पुस्तक उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर, कपड्यांच्या मागे, सरकवून दिलं.

परीक्षेला थोरली नव्हती, खात्यातल्या माणसांना तिथे बसू देत नसत. त्याच दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेब गमत्या स्वभावाचे, स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसणारे. खात्यातली दोन पोरं आधीच त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून तोंड दाबत होती.

"या, या. एक नमुना दाखवतो. सकाळी परीक्षेला आली होती."

पडद्यावर परीक्षेचं रेकॉर्डिंग होतं. अर्ध्या भागात लॅबचा पडदा, अर्ध्या भागात उमेदवार. धाकटी थोरलीचे कपडे घालून ताठ बसली होती. काम सोपं दिलं होतं. स्टोरेजमध्ये जागा संपत आलीय, 'जुने रिपोर्ट' नावाचं व्हॉल्यूम काढून जागा करा. त्यात मेख एवढीच, की एक सर्व्हर ते अजून वापरत होता. पुसायचं नव्हतंच. थांबायचं होतं आणि परीक्षकाला सांगायचं होतं, की हे पुसता येणार नाही.

"हात बघा हात, काय सफाई आहे!" साहेब म्हणाले. "मला वाटलं, बाई बाकीच्यांना खाऊन टाकणार. आणि आता बघा."

यंत्रानं नकार दिला. तरीही? धाकटीचं बोट क्षणभरही घुटमळलं नाही. हो. व्हॉल्यूम गेलं. त्यावर चालणारा सर्व्हर आचके देऊन बंद पडला, पडद्यावर लाल ओळी धावायला लागल्या. धाकटीनं दोन्ही हात कळफलकावरून उचलले, मांडीवर ठेवले, आणि शांतपणे पडद्याकडे बघत बसली.

"झालं तुमचं?" परीक्षकाचा आवाज.

"थोडं थांबा ना. येईल आता."

"काय येईल?"

"जुने रिपोर्ट." धाकटीनं परीक्षकाकडे बघून धीर दिल्यासारखं हसून दाखवलं. "कधी कधी जरा वेळ लागतो."

मागची पोरं फुटलीच. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "येईल म्हणे! कुठून येईल, माहेराहून?" थोरलीही हसली. हसली नसती तर दिसलं असतं, म्हणून जरा मोठ्यानंच हसली. पडद्यावर धाकटी अजून वाट बघत होती. मान किंचित पुढे, डोळे त्या यादीवर. तिच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही, फार सावकाश गेलं. ते जाताना थोरलीनं पाहिलं.

"पुढे असंच आहे," साहेब डोळे पुसत म्हणाले, "वेळ संपेपर्यंत बाई हललीच नाही. अहो, आडनाव तुमचंच आहे. नात्यातली का?"

"लांबची," थोरली म्हणाली.

"हिला शिकवलं कुणी असेल हो? बुद्धी आहे तिला, ते दिसतंय. पण ज्यानं कुणी हे शिकवलं त्याला बडवलं पाहिजे."

"काय माहीत," थोरली म्हणाली, आणि कामाचं निमित्त काढून उठली. जागा त्याच दिवशी दुसऱ्या एका पोराला दिली गेली. आवारातली खोलीही त्यालाच गेली.

घरी परतताना थोरलीनं मनात सगळी तयारी केली. धाकटी अंगावर आली, रडली, ओरडली, तर काय म्हणायचं, नवऱ्यानं विचारलं तर काय सांगायचं. प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं. दार उघडलं तर धाकटी स्वयंपाकघरात सासूबाईंसाठी पेज ढवळत होती. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचाच.

"कळलं असेल ना तुम्हाला, ताई?"

"कळलं."

"माझंच चुकलं. तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं असं मला वाटत होतं, पण कुठली तरी पायरी गाळली असणार मी. नाहीतर परत आलं असतं." तिनं गॅस बारीक केला. "ते विचारत होते, कुणाकडे शिकलात. मी म्हटलं, एकटीच शिकले घरी. तुमचं नाव कशाला घेऊ? तुम्ही एवढं केलंत माझ्यासाठी, आणि माझ्यापायी तुम्हाला तिथे मान खाली घालायला लागली असती."

थोरलीनं खांद्यावरची पर्स ओट्यावर ठेवली. तिला लाज वाटली. खरीखुरी वाटली, कानाच्या पाळ्या तापल्या. आत्ता या क्षणी सांगून टाकावं, पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघेल, तू थांबायला शिकलेलीच होतीस, मीच तुझं ते मोडलं, असं सगळं तिच्या गळ्याशी आलं. आणि पाठोपाठ आतून सासूबाई ओरडल्या, "गेली नाही ना गं ती कुठे? मग पेज आण म्हणावं, आणि गार करून आण!" थोरलीची लाज तिथेच ओसरली आणि तिच्या जागी सुटकेचा गारवा आला. ही पेज तिला भरवायची नव्हती. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.

"जाऊ दे," दारात येऊन उभा राहिलेला नवरा म्हणाला. "सगळ्यांना सगळं जमतं असं नाही. ताईचे उपकार मात्र विसरू नकोस हं."

"नाही विसरणार," धाकटी म्हणाली. मग वाटीत पेज ओतता ओतता, वर न बघता, तिनं विचारलं, "ताई, तो कॉम्प्युटर परत नेणार का हो तुम्ही?"

"का गं?"

"नाही, राहिला असता तर बरं झालं असतं. परीक्षा नाही आता द्यायची मला. उगीच दुपारची बसत जाईन. तिथं चुकलं तर कुणी बोलत नाही."

थोरलीनं एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसून पायांतल्या चपला काढल्या.

"बसत जा की," ती म्हणाली. "पण आईंच्या औषधाची वेळ चुकवू नकोस."

"नाही चुकवणार," म्हणत धाकटी वाटी घेऊन आत गेली.